कळा खऱ्या कोणत्या? कावेरीकाठच्या गावांतील एक जुना प्रश्न

कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात, तंजावर, कुंभकोणम, पापनाशम, ओरत्तनाडू या भागांतील खेड्यांत, एखाद्या स्त्रीचे दिवस भरत आले की घरातील वडीलधाऱ्या बायकांच्या बोलण्यात दोन शब्द वारंवार ऐकू येतात. एक 'प्रसव वलि' आणि दुसरा 'सूट्टु वलि'. तमिळ भाषेत 'वलि' म्हणजे वेदना किंवा कळ, आणि 'सूडु' म्हणजे उष्णता. तेव्हा 'सूट्टु वलि' ही उष्णतेने उठलेली कळ होय. ती येते, पोट दगडासारखे घट्ट करते, घरादाराची झोप उडविते आणि पुष्कळदा उजाडण्याच्या आत आल्या वाटेने निघून जाते. तिलाच कोणी 'पोय् वलि', म्हणजे खोटी कळ, असेही म्हणतात. महाराष्ट्रातील सुइणींच्या तोंडीही 'खोट्या कळा' हा शब्दप्रयोग आहेच. दोन दूरच्या प्रदेशांतील बायकांनी एकाच अनुभवाला जवळजवळ एकच नाव द्यावे, यावरून हा अनुभव किती सार्वत्रिक आहे हे ध्यानात येईल.

रात्री दोनच्या सुमारास गर्भवतीने उठून 'पोटात कळ येते' असे सांगितले, म्हणजे घरच्या माणसांपुढे प्रश्न उभा राहतो. पूर्वी तो बैलगाडी जुंपावयाची की नाही असा असे. आज १०८ या क्रमांकावर दूरध्वनी करून रुग्णवाहिका बोलवावयाची की सकाळपर्यंत थांबावयाचे, असा आहे. निर्णय कोणत्याही बाजूने चुकला तरी त्याची किंमत मोजावी लागते. फार उशीर झाला तर वाटेतच प्रसूती होण्याचा धोका. फार घाई झाली तर प्रसूती सुरू होण्याच्या आधीच स्त्री रुग्णालयाच्या खाटेवर जाऊन पडते आणि नको ते उपचार मागे लागतात.

प्रथम नावाविषयी चार शब्द. या पुस्तिकेत आम्ही 'सराव-कळा' असा शब्द योजला आहे. 'खोट्या कळा' हा शब्द आम्हांस पसंत नाही, आणि त्याचे कारण केवळ भाषिक नाही. या कळांत गर्भाशयाचा स्नायू खरोखरीच आवळला जातो. पोटावर हात ठेवणाऱ्या कोणासही तो आवळताना जाणवतो. खोटे असे त्यात काहीच नसते. पण 'खोट्या' या शब्दाचा डाग कळेवरून निघून स्त्रीवर बसतो. दवाखान्यातून परत आलेल्या सुनेला शेजारपाजारच्या बायका हसतात, गाडीभाड्याचा हिशेब ऐकविला जातो, आणि पुढच्या वेळी कळा येऊ लागल्या की ती मुकाट्याने दात आवळून पडून राहते. त्या वेळच्या कळा प्रसूतीच्याच असल्या, तर त्या संकोचाचे मोल दोन जीवांनी भरावयाचे असते.

मराठी वाचकास तंजावर परके नाही. सतराव्या शतकात, १६७६ च्या सुमारास, व्यंकोजीराजे भोसले यांनी तेथे राज्य स्थापिले आणि १८५५ पर्यंत ते घराणे तेथे नांदले. या घराण्यातील दुसरे सरफोजीराजे (१७७७–१८३२) यांची विद्याव्यासंगाबद्दलची ख्याती सर्वश्रुत आहे. त्यांचे सरस्वती महाल ग्रंथालय आजही उभे आहे. त्यांच्या धन्वंतरी महालात देशी औषधे तयार होत, आणि तेथील अनुभवसिद्ध उपचारांच्या तमिळ संग्रहात गर्भिणी व बालरोग यांना वाहिलेला एक स्वतंत्र भाग आहे. परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाची गोष्ट १८०१ सालच्या एका पत्रात आढळते. रामेश्वराच्या यात्रामार्गावरील आपल्या घराण्याच्या अन्नछत्रांचा कारभार कसा चालतो हे सरफोजीराजांनी तंजावरच्या इंग्रज रेसिडेंटास त्या पत्राने कळविले. वाटसरूंना अन्न, आजाऱ्यांना औषध, तान्ह्या मुलांना दूध ही व्यवस्था सांगून राजे पुढे नमूद करतात की, छत्रात आलेल्या गर्भवतींना ममतेने वागविले जाते, एखादी तेथेच प्रसूत झाली तर तिचा सर्व खर्च व औषधपाणी छत्राकडून होते, आणि प्रसूतीनंतर तीन महिने तिला तेथे राहू दिले जाते. दिवस भरलेली, परमुलखात असलेली, कळा खऱ्या की कसे हे सांगणारे जवळचे माणूस नसलेली स्त्री कोणत्या अडचणीत असते, याची जाण या व्यवस्थेमागे स्पष्ट दिसते. तिला पाठवून देण्याची कोणाला घाई नव्हती.

आपल्या प्राचीन वैद्यांनीही या प्रश्नाचा विचार बारकाईने केलेला आहे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात, दहाव्या अध्यायात, प्रसूती अगदी जवळ आलेल्या स्त्रीची लक्षणे दिली आहेत: कंबर व पाठ यांच्या बाजूने सर्वत्र वेदना, मलमूत्राची वारंवार प्रवृत्ती आणि मार्गावाटे चिकट स्राव. आजच्या परिचारिकेच्या नोंदवहीतही पाठीकडून येणारी कळ आणि चिकट स्राव यांना जागा आहे. चरकाने तर प्रसूतीच्या कळेला 'आवी' असे स्वतंत्र नावच दिले. आवी आलेली नसताना स्त्रीने जोर करू नये, तो व्यर्थ तर जातोच पण अपायही करतो, असे तो स्पष्ट बजावतो. त्याच ठिकाणी एक वाद नोंदविलेला आहे. काही आचार्यांचे म्हणणे असे की, कळा देऊनही प्रसूती होत नसेल तर स्त्रीला उभी करून मुसळाने धान्य कांडावयास लावावे. भगवान आत्रेयांना ते मान्य नाही. गर्भिणीने कठोर श्रम नेहमीच वर्ज्य करावेत, आणि या नाजूक घटकेला तर विशेषच, असे ते म्हणतात. मात्र हिंडण्याफिरण्यास त्यांची हरकत नाही. मुसळ नको, चालणे चालेल, हा निवाडा आजही बदलावा लागलेला नाही.

आधुनिक शास्त्राने या कळांची दखल घेतली ती १८७१ साली. लंडनच्या गाइज रुग्णालयातील प्रसूतितज्ज्ञ जॉन ब्रॅक्स्टन हिक्स (१८२३–१८९७) यांनी तेथील प्रसूतिशास्त्र मंडळापुढे एक निबंध वाचला. गर्भाशय हे प्रसूतीच्या वेळीच आकुंचन पावते अशी सर्वसाधारण समजूत होती. हिक्स यांनी दाखवून दिले की, गर्भारपणाच्या सुरुवातीच्या महिन्यांपासून शेवटपर्यंत ते अधूनमधून आवळले व सैल पडत असते. स्त्रीला त्याची जाणीव असो वा नसो. त्यांना या शोधाचे महत्त्व वाटले ते मात्र निराळ्याच कारणासाठी. त्या काळी क्ष-किरण नव्हते आणि मूत्रपरीक्षाही नव्हती. पोट वाढलेल्या स्त्रीस गर्भ आहे की गाठ, हे ठरविणे अवघड असे. हाताखालची गोलाई मधूनच घट्ट व मधूनच मऊ होत असेल तर तो गर्भ, असा निर्वाळा देता येऊ लागला. ज्या कळांना लोक खोट्या म्हणतात त्या मुळात गर्भाचा पुरावा म्हणून शास्त्रात आल्या, ही गोष्ट मोठी गमतीची आहे. त्यांच्यावरूनच या कळांना 'ब्रॅक्स्टन हिक्स आकुंचने' असे नाव पडले.

गर्भाशयाच्या आत काय घडते

गर्भाशय ही स्नायूंची पिशवी आहे. एरवी तिचे वजन पन्नास ते सत्तर ग्रॅम असते. दिवस भरेपर्यंत ते एक किलोग्रॅमच्या आसपास जाते. एवढा मोठा स्नायू नऊ महिने निपचित राहील हे संभवतच नाही. तो आवळावा ही त्याची प्रकृतीच आहे. नवल आहे ते तो इतका काळ शांत कसा राहतो याचे. त्याचे श्रेय मुख्यतः प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाला आहे. त्याच्या प्रभावाखाली गर्भाशयाच्या स्नायुपेशी एकमेकींपासून जणू तुटून असतात. एका भागात उठलेले आकुंचन दुसऱ्या भागात फारसे पसरत नाही.

भातलावणीचे दृश्य डोळ्यांपुढे आणावे. मेट्टूर धरणाचे पाणी प्रथेप्रमाणे १२ जूनला सुटते, ते कालव्यांतून खाली पोहोचले म्हणजे त्रिभुज प्रदेशातील शेतांत बायका कुरुवै हंगामाची रोपे लावू लागतात. एखादी या बांधाशी, एखादी त्या कोपऱ्यात, आपापल्या मनाने वाकत असेल, तर कामाची हालचाल दिसते पण शेत पुढे सरकत नाही. त्याच बायका एका ओळीत उभ्या राहिल्या, एका तालावर वाकू लागल्या, की बघता बघता वाफा भरून जातो. सराव-कळा पहिल्या प्रकारच्या होत. दिवस भरत आले की स्नायुपेशींच्या मध्ये सूक्ष्म जोडमार्ग मोठ्या संख्येने तयार होतात आणि त्यांतून विजेचा संदेश एका पेशीतून दुसरीत विनासायास जाऊ लागतो. प्राण्यांच्या गर्भाशयात हे जोडमार्ग प्रसूतीच्या सुमारास वाढतात असे १९७७ साली दिसून आले. मग सारा स्नायू एका तालावर आवळतो. कळ गर्भाशयाच्या माथ्याकडे उठते, तेथे सर्वांत बळकट असते, आणि खाली पसरत जाते. वरचा भाग ओढतो, खालचा उघडतो. गर्भाशयाचे मुख आधी मऊ होते, नंतर आखूड व पातळ होते आणि शेवटी दहा सेंटिमीटरपर्यंत उघडते. खरी कळ कोणती, याचे शास्त्रीय उत्तर एका वाक्यात द्यावयाचे तर ते असे: जिच्यामुळे गर्भाशयाचे मुख बदलत जाते ती.

परंतु ही विभागणी वाटते तितकी काटेकोर नाही. दक्षिण अमेरिकेतील उरुग्वे देशाच्या राजधानीत, माँटेव्हिडिओ येथे, एर्मोहेनेस आल्वारेझ आणि रोबेर्तो काल्देयरो-बार्सिया या दोघा वैद्यकशास्त्रज्ञांनी १९५० च्या सुमारास एक धाडसी अभ्यास केला. पोटाच्या भिंतीतून अतिशय बारीक नळी गर्भोदकापर्यंत नेऊन त्यांनी आतील दाब मोजला आणि तो कागदावर आलेखरूपाने उतरविला. दहा मिनिटांत आलेल्या कळांची संख्या गुणिले त्यांचा सरासरी दाब, असे एक मापही त्यांनी ठरविले. ते 'माँटेव्हिडिओ एकक' या नावाने ओळखले जाते. दहा मिनिटांत चाळीस मिलिमीटर दाबाच्या तीन कळा आल्या तर माप एकशे वीस. या आलेखांवरून असे दिसले की, शेवटच्या आठवड्यांत कळांचे बळ व संख्या हळूहळू चढत जाते आणि एका अवस्थेतून दुसरीत केव्हा पाऊल पडले ते रेघ ओढून दाखविता येत नाही. नदी समुद्राला कोठे मिळाली हे पुंपुहारच्या किनाऱ्यावर उभे राहून बोटाने दाखविता येत नाही, तसेच हे. म्हणून एका कळेवरून, ती कितीही दुखली तरी, निवाडा करू नये. निवाडा करावयाचा तो कळांच्या मालिकेवरून, आणि त्यासाठी वेळ द्यावा लागतो.

घड्याळ, पाणी आणि चालणे

वेळ द्यावयाचा म्हणजे काय करावयाचे? घरात घड्याळ असतेच. नसल्यास हातातल्या दूरध्वनीत ते असते. एक कळ सुरू झाल्याची वेळ लिहावी, दुसरी सुरू झाल्याची वेळ लिहावी. दोन आरंभांमधील अंतर हेच खरे अंतर. कळ किती सेकंद टिकली हेही लिहावे. तासाभरात त्या कागदावरील आकडे बोलू लागतात. सराव-कळांचे आकडे विस्कळीत असतात: आधी बारा मिनिटे, मग पाच, मग पंचवीस, मग काहीच नाही. त्यांचे बळ वाढत जात नाही आणि त्या बहुधा पोटाच्या पुढच्या बाजूस आवळल्यासारख्या जाणवतात. प्रसूतीच्या कळांत एक शिस्त येते. अंतर कमी होत जाते, कळ लांबते, तीस सेकंदांची पंचेचाळीसची व मग साठची होते, आणि पुष्कळ स्त्रियांना ती कंबरेतून निघून पुढे येते असे वाटते. ती जोरात असताना स्त्रीला बोलणे सुचत नाही. पहिलटकरणीच्या बाबतीत, सुमारे पाच मिनिटांनी एक, मिनिटभर टिकणारी, आणि तासभर याच क्रमाने चालू राहिलेली कळ म्हणजे निघण्याची वेळ झाली, असा साधारण ठोकताळा आहे. जिची आधी बाळंतपणे झाली आहेत तिने इतके थांबू नये. तिची सुटका पुष्कळ लवकर होते.

लिहिण्याबरोबर आणखी एक परीक्षा करावी. लघवीस जाऊन यावे, कारण भरलेले मूत्राशय गर्भाशयाला डिवचते. दोन पेले पाणी प्यावे. चालत असल्यास डाव्या कुशीवर पडावे, पडून असल्यास उठून थोडे चालावे. सराव-कळा अशा बदलाने बहुधा ओसरतात. प्रसूतीच्या कळा कशालाही दाद देत नाहीत.

आणि येथे आपण पुन्हा 'सूट्टु वलि' या शब्दाकडे येतो. तमिळ घरांतून अशा वेळी जिऱ्याचा कढत काढा देण्याची रीत आहे. काढा घेतल्यावर कळ शमली तर ती उष्णतेची, आणि वाढली तर ती प्रसूतीची, असे मानतात. जिऱ्याच्या अंगी गर्भाशयातील कळा ओळखण्याची काही शक्ती आहे असे म्हणण्यास आधार नाही. तरीही ही रीत निव्वळ भाबडी नव्हे. मे महिन्यात, अग्निनक्षत्राच्या दिवसांत, तंजावर भागात पारा चाळीस अंशांच्या जवळ जातो. दिवसभर घाम गाळलेल्या, पुरेसे पाणी न प्यालेल्या स्त्रीच्या शरीरात पाणी कमी पडते आणि सराव-कळा वाढतात. शरीर पाणी राखण्यासाठी जे संप्रेरक सोडते त्याची रचना गर्भाशय आवळणाऱ्या ऑक्सिटोसिनशी मिळतीजुळती आहे, हे त्याचे एक कारण मानले जाते. काढ्याच्या निमित्ताने तिच्या पोटात पेलाभर द्रव जातो, ती बसते, घरातील कोणी तिच्याजवळ थांबते आणि अर्धा तास वाट पाहिली जाते. उपयोग होतो तो पाण्याचा, विश्रांतीचा आणि वाट पाहण्याचा. ज्या कोणी उष्णतेचे नाव या कळेला दिले तिचे निरीक्षण चांगले होते, असे म्हणावयास हरकत नाही.

एरंडेलाची गोष्ट मात्र वेगळी. पापनाशम तालुक्यातील तिरुक्करुगावूर येथे गर्भरक्षांबिकेचे प्रसिद्ध देवालय आहे. देवीच्या पायांशी ठेवलेले एरंडेल प्रसाद म्हणून गर्भवती घरी नेतात आणि कळा येऊ लागल्या की पोटावर हलक्या हाताने लावतात. बाहेरून लावलेल्या तेलाने अपाय होत नाही, आणि मायेच्या हाताने बरेही वाटते. परंतु कळा 'खऱ्या करण्यासाठी' एरंडेल पाजणे सर्वस्वी वर्ज्य समजावे. त्याने जुलाब होतात, शरीरातील पाणी आणखी घटते आणि गर्भाशय अवेळी चेतविले जाण्याचा संभव असतो.

वर सांगितलेली तासभराची परीक्षा ही, दिवस भरलेल्या आणि एरवी निकोप असलेल्या स्त्रीसाठी आहे, हे पक्के ध्यानात ठेवावे. सदतीस आठवडे पुरे होण्याआधी कळा नियमित येऊ लागल्या तर कागद-पेन्सिल बाजूस ठेवून सरळ निघावे. अपुऱ्या दिवसांच्या बाळाची फुप्फुसे कच्ची असतात. न्यूझीलंडमधील लिगिन्स व हॉवी यांनी १९७२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासापासून आईला विशिष्ट औषध टोचून ती फुप्फुसे लवकर पिकविता येतात हे ठाऊक झाले आहे; पण त्या औषधाचा पूर्ण गुण येण्यास एक-दोन दिवस लागतात, आणि 'सूट्टु वलि असेल' म्हणून घरी घालविलेली रात्र त्यांतूनच वजा होते. पाणमोट फुटून पाणी जाऊ लागले, अंगावर रक्त जाऊ लागले, बाळाची हालचाल मंदावली किंवा थांबली, तर कळा असोत वा नसोत, निघावयाचे. पोट सैल न पडता सारखे कठीण राहून दुखत असेल तर ते वार सुटल्याचे लक्षण असू शकते. तेथे क्षणाचाही विलंब नको. डोके फार दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे, झटके, ताप, किंवा आधीची प्रसूती शस्त्रक्रियेने झालेली असणे, यांपैकी काही असल्यासही घरी परीक्षा पाहत बसू नये. रक्ताचा डाग आणि चिकट स्राव यांतला फरक मात्र जाणावा: दिवस भरल्यावर किंचित रक्तमिश्रित, शेंबडासारखा स्राव जाणे हे मुख बदलू लागल्याचे चिन्ह आहे, भिण्याचे कारण नव्हे.

रुग्णालयाच्या दारात

त्रिभुज प्रदेशाचे भूगोलशास्त्र या प्रश्नात नेहमीच ढवळाढवळ करीत आले आहे. कल्लणैच्या खाली कावेरी अनेक शाखांत फुटते. गावाला जावयाचे म्हणजे पूल, कालवा, बांध ओलांडणे आलेच. तिरुचिरापल्लीच्या दुर्गटेकडीवर शंकराचे 'तायुमानवर' या नावाचे देवालय आहे. तायुमानवर म्हणजे जो आईही झाला तो. कथा अशी सांगतात की, एका गर्भवतीची आई पुंपुहारहून लेकीच्या बाळंतपणासाठी निघाली. कावेरीला पूर आल्याने ती पलीकडच्या काठावर अडकली. इकडे लेकीला कळा सुरू झाल्या, तेव्हा स्वतः शंकराने आईचे रूप घेऊन तिची सुटका केली. पुराचे पाणी आणि कळा यांची गाठ पडण्याची भीती या मुलखाच्या दैवतकथेत जाऊन बसली आहे. तशा रात्री आजही येतात. १६ नोव्हेंबर २०१८ च्या पहाटे 'गज' चक्रीवादळ वेदारण्यमजवळ किनाऱ्यावर आले तेव्हा झाडे व विजेचे खांब पडून अनेक रस्ते बंद झाले होते. ऑक्टोबर ते डिसेंबर या ईशान्य मोसमी पावसाच्या महिन्यांत जिचे दिवस भरतात तिने, कळांचे अंतर काहीही असो, मोठे वादळ येण्याचा इशारा मिळताच रुग्णालयाजवळ जाऊन राहावे हे शहाणपणाचे.

एरवी मात्र चित्र पार पालटले आहे. एके काळी या गावांतून 'मरुत्तुवच्चि', म्हणजे न्हावी समाजातील सुईण, घरी येऊन बाळंतपण करीत असे. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कौटुंबिक आरोग्य सर्वेक्षणानुसार तमिळनाडूतील ९९.६ टक्के प्रसूती रुग्णालयांत किंवा आरोग्य केंद्रांत झाल्या. २०१८–२० या काळात तेथे एक लाख जिवंत जन्मांमागे ५४ मातांचे मृत्यू झाले. साऱ्या देशाचा आकडा ९७ होता. ही कमाई थोर आहे. शेजारच्या पुदुक्कोट्टै येथे १८८६ साली जन्मलेल्या, मद्रास वैद्यकीय महाविद्यालयातून १९१२ साली बाहेर पडलेल्या डॉ. मुत्तुलक्ष्मी रेड्डी यांच्या नावाने तमिळनाडूची मातृत्व-साहाय्य योजना ओळखली जाते, हे उचितच होय. परंतु त्याच सर्वेक्षणात आणखी एक आकडा आहे: राज्यातील ४४.९ टक्के प्रसूती शस्त्रक्रियेने झाल्या. याची कारणे अनेक आहेत आणि सर्वांचा दोष सराव-कळांवर टाकणे अन्यायाचे होईल. तथापि, प्रसूती जोम धरण्याच्या आधी दाखल झालेल्या स्त्रियांत उपचारांचा ससेमिरा व शस्त्रक्रिया अधिक आढळतात, असे ठिकठिकाणच्या अभ्यासांत दिसले आहे.

हे कसे घडते? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या शिफारशींप्रमाणे गर्भाशयाचे मुख पाच सेंटिमीटर उघडल्यावर प्रसूतीचा सक्रिय टप्पा सुरू झाला असे समजावे. त्याच्या आधीचा मंद टप्पा किती तास चालेल याला नियम नाही. तो दिवसभरही चालू शकतो. या टप्प्यात खाटेवर पडलेल्या स्त्रीकडे पाहून नातेवाइकांना वाटते, काहीच होत नाही. ते कळा वाढविणारी सुई मागतात. १९९० नंतरच्या दशकात मद्रास व आसपासच्या स्त्रियांमध्ये राहून अभ्यास करणाऱ्या मानवशास्त्रज्ञ सेसिलिया व्हॅन हॉलेन यांनी लिहिले आहे की, 'वलि' वाढली म्हणजे स्त्रीची 'शक्ती' वाढली, अशी तेथे भावना होती, आणि म्हणून स्त्रिया स्वतःच ती सुई मागत. ऑक्सिटोसिन हे अडलेल्या प्रसूतीत आणि प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावात प्राण वाचविणारे औषध आहे. पण ज्या गर्भाशयाची तयारीच झालेली नाही त्याला घाईने चाबूक मारला तर कळांमधील विसावा नाहीसा होतो. त्या विसाव्यातच बाळाला ताज्या रक्ताचा पुरवठा होत असतो. तो तुटला की बाळ गुदमरते, आणि मग शस्त्रक्रियेवाचून गत्यंतर राहत नाही. औषध द्यावयाचे की नाही, हे नातेवाइकांच्या अधीरतेवर नव्हे तर तपासणीवर ठरले पाहिजे.

ती तपासणी साधीच असते. आरोग्य केंद्रातील परिचारिका गर्भाशयाच्या माथ्यावर तळहात ठेवून, घड्याळाकडे पाहत, दहा मिनिटांत किती कळा आल्या व प्रत्येक किती सेकंद टिकली हे मोजते. बाळाच्या हृदयाचे ठोके ऐकते, रक्तदाब पाहते. गर्भाशयाचे मुख तपासते, आणि शंका असल्यास काही तासांनी पुन्हा तपासते. दुसऱ्या तपासणीत मुख जसेच्या तसे असेल, बाळ सुखरूप असेल, पाणी गेले नसेल आणि घर दूर नसेल, तर स्त्रीला घरी जाण्यास सांगितले जाते. गुंतागुंत दिसल्यास तिला तंजावरच्या राजा मिरासुदार रुग्णालयासारख्या मोठ्या ठिकाणी पाठवितात.

घरी परत पाठविताना तिच्याशी काय बोलले जाते, याला औषधाइतके महत्त्व आहे. 'काही नाही, उगाच आलात' हे वाक्य आरोग्य केंद्राच्या दारात उच्चारले जाऊ नये. तिला सांगावयाचे ते असे: तुमच्या कळा खऱ्या आहेत, गर्भाशयाची तयारी चालली आहे, मुख अजून उघडावयाचे आहे. पाणी पीत राहा. बाळाच्या हालचालीकडे लक्ष ठेवा. पुन्हा कळा आल्या की वेळ लिहू लागा, आणि आज रात्रीच परत यावेसे वाटले तरी या. तिच्याबरोबर आलेल्या सासूला किंवा आईलाही हेच पुन्हा एकदा सांगावे, कारण रात्री दोन वाजता घड्याळ पाहणारी तीच असते. आधीच्या वेळी लिहिलेला कागद टाकून देऊ नये. पुढच्या खेपेला परिचारिकेने प्रथम तोच मागून पाहावा.